रिकामं बॅरल, साखरेची धूळ आणि एक ठिणगी: कामाच्या जागी आगीचा धोका आधीच कसा ओळखायचा?

बारामती-नीरा रस्त्यावर वडगाव निंबाळकरच्या आसपास एक चक्कर मारली, तर जळणाऱ्या गोष्टींची यादी करायला फार वेळ लागत नाही. उसाचं वाळलेलं पाचट, पेट्रोल पंप, हॉटेलच्या मागे उभे असलेले गॅस सिलिंडर, गॅरेजमधलं थिनर, पिठाच्या गिरणीतली धूळ. जवळच सोमेश्वरनगरला साखर कारखाना, बारामतीच्या बाजूला माळेगावचा कारखाना, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा. साखर कारखाना म्हटलं की बगॅसचे डोंगर आले, डिस्टिलरी आली आणि इथेनॉलचे टँकर आले.

ठिणग्यांचीही कमी नाही. वेल्डिंगची दुकानं, ग्राइंडर, उघड्या वायरी, चहाच्या टपरीचा स्टोव्ह, विडी-सिगारेट.

या सगळ्या गोष्टी रोज तिथेच असतात आणि बहुतेक दिवस काहीही होत नाही. त्यामुळे सवय होते आणि सवय झालेली गोष्ट दिसेनाशी होते. कामाच्या जागी नेमकं काय जळू शकतं, ते कशामुळे पेटू शकतं आणि हे दोन्ही एकत्र कधी येतात, हे आधीच कसं ओळखायचं? समजून घेऊया.

आग लागायला काय लागतं?

शाळेत शिकलेला त्रिकोण इथे कामाला येतो. जळणारा पदार्थ, ऑक्सिजन आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र आल्या की आग लागते. यातली एक जरी काढली तरी आग लागत नाही.

ऑक्सिजन हवेतच असतो, त्यामुळे तो काढून टाकणं सहसा शक्य नसतं. हातात उरतात दोन गोष्टी. एक, जळणारा पदार्थ. दोन, त्याला पेटवणारी उष्णता किंवा ठिणगी.

बऱ्याच ठिकाणी या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. थिनरचा डबा पेंटरने ठेवलेला असतो, ग्राइंडर चालवणारा फॅब्रिकेशनवाला असतो. दोघंही आपापलं काम नीट करत असतात. पण डबा कुठे आहे हे ग्राइंडरवाल्याला माहीत नसतं आणि ग्राइंडर कधी चालणार हे पेंटरला माहीत नसतं. त्यामुळे धोका शोधायचा तर नुसती पदार्थांची यादी पुरत नाही. या दोन गोष्टींची गाठ कुठे पडते, हेही बघावं लागतं.

पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते

ज्वलनशील द्रव स्वतः जळत नाही, त्याच्या पृष्ठभागावरून उठणारी वाफ जळते. ज्या किमान तापमानाला ठिणगीने पेटण्याइतकी वाफ तयार होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ धोक्याचा.

काही ओळखीच्या पदार्थांचे आकडे असे आहेत:

• पेट्रोल: उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास
• ॲसिटोन: उणे २० अंशांच्या आसपास
• टोल्युइन (अनेक थिनरमध्ये असतं): सुमारे ४ अंश
• शुद्ध इथेनॉल: सुमारे १३ अंश
• डिझेल: भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश

म्हणजे बारामतीत थंडीतल्या दुपारीही पेट्रोल, थिनर आणि इथेनॉल यांची पेटण्याजोगी वाफ तयार होतच असते. डिझेल त्यामानाने सुरक्षित समजलं जातं. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधलं तापमान चाळिशी पार करतं, तेव्हा डिझेलचाही भरवसा धरता येत नाही. तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल सांडलं, तर ते ठिणगीशिवायही पेटू शकतं.

दुसरी गोष्ट, या बहुतेक वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या वर उडून जात नाहीत, तर जमिनीलगत पसरतात आणि गटारात, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात, तळघरात साचतात. त्यामुळे डबा एका कोपऱ्यात आणि ठिणगी वीस फुटांवर असली तरी आग लागू शकते. वाफ पेटली की ज्वाला उलटी धावत डब्यापर्यंत येते.

इथेनॉलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची ज्योत फिकट निळसर असते आणि भर उन्हात ती नीट दिसतही नाही. शिवाय इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पेट्रोलच्या आगीवर चालणारा साधा फेस त्यावर टिकत नाही. त्यासाठी अल्कोहोलवर टिकणारा वेगळा फेस लागतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून साखर पट्ट्यात इथेनॉलची ने-आण वाढली आहे, म्हणून हे माहीत असणं गरजेचं आहे.

एक किलो गॅस आणि एक खोली

एलपीजीही हवेपेक्षा जड असतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की मिश्रण पेटण्याजोगं होतं. हिशेब केला तर एक किलो एलपीजी गळून हवेत सारखा मिसळला, तर १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि १० फूट उंच खोली भरेल एवढं पेटण्याजोगं मिश्रण तयार होतं. हॉटेलमधल्या एका व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो.

काही वायू मात्र उलटे वागतात. गोबर गॅसमधला मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जातो. इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज होताना निघणारा हायड्रोजन तर सर्वांत हलका. ४ टक्क्यांपासून पुढे तो हवेत पेटू शकतो. म्हणून बॅटरी चार्जिंगची खोली बंद नको आणि वरच्या बाजूला हवा जायला जागा हवी.

थोडक्यात, वायू जड की हलका हे कळलं की तो कुठे साचेल हे कळतं, आणि नाक, खिडकी, पंखा, गॅस डिटेक्टर कुठे हवा हेही कळतं.

साखरेचाही स्फोट होतो?

हो. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगर या साखर शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला आणि १४ कामगारांचा जीव गेला. जळाली ती साखरेची धूळ.

तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तपास केला. साखर वाहून नेणारा एक कन्व्हेयर बेल्ट काही काळापूर्वीच पत्र्याने झाकला होता. साखर स्वच्छ राहावी हा हेतू होता. पण त्यामुळे आत हवेत उडालेली धूळ बाहेर पडेना. तापलेल्या बेअरिंगमुळे ती पेटली असावी, असा निष्कर्ष निघाला. पहिल्या स्फोटाच्या धक्क्याने इमारतीत फरशीवर, तुळयांवर, मशीनवर साचलेली साखरेची धूळ हवेत उडाली आणि एकामागून एक स्फोट होत गेले.

पिठाच्या गिरणीतली, लाकूडकामाच्या भुशाची, हळदीची, पशुखाद्याची धूळही अशीच वागू शकते. अमेरिकेत वापरला जाणारा एक ठोकताळा लक्षात ठेवायला सोपा आहे: जळणाऱ्या धुळीचा थर सुमारे ०.८ मिलिमीटर, म्हणजे कागदाला लावायच्या क्लिपच्या तारेइतका झाला, की साफसफाई तातडीची समजायची. सफाई करताना कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये, त्याने ती हवेतच मिसळते.

बगॅसची गोष्ट थोडी वेगळी आहे. गाळपातून बाहेर येतं तेव्हा त्यात निम्मं पाणी असतं, त्यामुळे ते पेटणार नाही असं वाटतं. पण ढिगात उरलेल्या साखरेवर सूक्ष्मजीव वाढतात, उष्णता तयार होते आणि ती ढिगाच्या पोटात अडकून राहते. तापमान वाढत गेलं की बाहेरून कोणी काडी न लावताही ढीग आतून धुमसू लागतो. ढिगातून वाफ निघणं, आंबूस-करपट वास येणं, ढिगाचा एखादा भाग खचणं या त्याच्या खुणा. फर्निचर पॉलिश करणाऱ्यांकडे जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळाही असाच आपोआप पेटू शकतो. त्या चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकाव्यात.

ठिणगी कुठे कुठे लपलेली असते?

उघडी ज्योत सगळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त आहेत.

• वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग: ठिणग्यांचं तापमान हजार अंशांच्या वर जातं. म्हणून कामाच्या भोवती ३५ फुटांचा, म्हणजे सुमारे ११ मीटरचा परिसर मोकळा ठेवायचा नियम बऱ्याच उद्योगांत पाळला जातो. उंचावर काम असेल तर खालचा मजलाही तपासायचा. काम संपल्यावर अर्धा ते एक तास कोणीतरी तिथे थांबायचं, कारण भुशात पडलेली ठिणगी लगेच धूर करत नाही.
• वीज: सैल जोड, एकाच बोर्डवर लावलेली चार मशीन, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. साधा स्विच दाबतानाही आत बारीक ठिणगी पडते. म्हणूनच गॅसचा वास आल्यावर लाइट चालू करू नये आणि बंदही करू नये.
• घर्षण: कोरडं बेअरिंग, घासणारा बेल्ट, पंख्याच्या पात्याला लागणारा पत्रा. आवाज बदलला की समजायचं.
• स्थिर वीज: एका भांड्यातून दुसऱ्यात द्रव ओतताना, पाइपमधून इंधन वाहताना ती तयार होते. टँकर खाली करण्याआधी अर्थिंगची क्लिप लावतात ती यासाठीच. पेट्रोलचा कॅन गाडीवर किंवा ट्रॉलीत ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा.
• तापलेले पृष्ठभाग: सायलेन्सर, बॉयलरची उघडी पाइपलाइन, हॅलोजन दिवा.

यात एक तिसरी जमातही आहे. काही पदार्थ स्वतः जळत नाहीत, पण दुसऱ्याला जळायला जोर देतात. ऑक्सिजनचा सिलिंडर हे सोपं उदाहरण. त्याच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला ग्रीस, तेल लावलं तर ते भडकू शकतं. ब्लीचिंग पावडर, नायट्रेटयुक्त खतं, हायड्रोजन पेरॉक्साइड याच जमातीतले. ते तेल, डिझेल, भुसा यांच्याशेजारी ठेवायचे नसतात.

सर्वांत फसवी वस्तू: रिकामं बॅरल

गावोगावी वेल्डिंगच्या दुकानात येणारं एक नेहमीचं काम असतं. जुनं बॅरल कापून त्याची टाकी, चूल किंवा जनावरांसाठी गव्हाण करायची. बॅरल रिकामं असतं, उलटं करून ठेवलेलं असतं, एक थेंबही पडत नाही. मग भीती कसली?

भीती तिथेच आहे. भरलेल्या बॅरलमध्ये वाफेला जागा कमी आणि हवाही कमी असते. रिकाम्या बॅरलमध्ये तळाला चिकटलेला पातळ थर, त्यातून उठलेली वाफ आणि भरपूर हवा असते, म्हणजे पेटायला नेमकं हवं तसं मिश्रण. त्यावर गॅस कटरची ज्योत लागली की बॅरल बाँबसारखं फुटतं. टँकर, मोटारसायकलची पेट्रोल टाकी, थिनरचा डबा, सगळ्यांना हेच लागू होतं. नुसतं पाण्याने विसळून किंवा दोन दिवस उन्हात ठेवून भागत नाही, कारण जाड तेल तापल्यावर नव्याने वाफ सोडतं.

हा धोका इतका जुना आहे की १९४८ च्या कारखाने अधिनियमातच त्याची वेगळी तरतूद केली होती. ज्वलनशील पदार्थ ठेवलेलं भांडं, त्यातला पदार्थ आणि वाफ पूर्ण काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय, त्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करायचं नाही, असं त्याचं कलम ३७ सांगत होतं. पण ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांना हा कायदा लागूच होत नव्हता. तिथे तपासायला कोणी अधिकारी येत नाही. म्हणून बॅरल घेऊन आलेल्या माणसाला “यात आधी काय होतं?” हा प्रश्न विचारणं हीच तिथली सुरक्षा. उत्तर माहीत नसेल, तर काम घ्यायचं नाही.

महाराष्ट्राने मोजलेली किंमत

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली आणि दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, आणि कापसाच्या हजारो गाठीही. कापूस आणि स्फोटकं एकाच खणात भरलेली होती. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान या दुर्घटनेत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभरात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच मुळशी तालुक्यात, उरवडे इथल्या एका रासायनिक कारखान्यात आग लागली. १७ कामगारांचा मृत्यू झाला, त्यात बहुतेक महिला होत्या. आग झपाट्याने पसरली आणि आतल्या कामगारांना बाहेर पडता आलं नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या ठिकाणी आग लागली. ६ जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला आणि नंतर हा आकडा वाढला.

मेणबत्ती, पॅकिंग, कापूस. कानाला यातला एकही शब्द धोक्याचा वाटत नाही. शोभेच्या मेणबत्तीतून ठिणग्या उडतात, म्हणजे तिच्यात फटाक्यासारखं मिश्रण असतं, हे ती बनवणाऱ्या प्रत्येक हाताला माहीत असायला हवं.

अर्ध्या तासात स्वतः कसं तपासायचं?

यासाठी महागडा सल्लागार लागत नाही. एक कागद, पेन आणि दोन माणसं पुरतात. त्यातला एक रोज तिथे काम करणारा हवा आणि दुसरा त्या जागेची सवय नसलेला.

१. जागेचा साधा नकाशा काढा. दारं, खिडक्या, गटार, खड्डे दाखवा.

२. जळू शकणारी प्रत्येक गोष्ट लाल पेनाने मांडा. द्रव, वायू, धूळ, पुठ्ठा, गोणपाट, थर्माकोल, सगळं. सोबत अंदाजे किती आहे तेही लिहा.

३. डब्यांवरची लेबलं वाचा. लाल रंगाच्या तिरप्या चौकोनात ज्योत असेल तर पदार्थ ज्वलनशील आहे. पिवळ्या चौकोनात गोलावर ज्योत असेल तर तो आगीला जोर देणारा आहे. रसायन विकणाऱ्याकडून त्याची सेफ्टी डेटा शीट मागून घ्या, त्यात फ्लॅश पॉइंट दिलेला असतो. टँकरच्या फलकावरचा चार आकडी नंबरही उपयोगी पडतो: पेट्रोलसाठी १२०३, इथेनॉलसाठी ११७०, एलपीजीसाठी १०७५.

४. पेटवू शकणारी प्रत्येक गोष्ट निळ्या पेनाने मांडा. देवघरातली समई, मोबाइलचे चार्जर आणि कामगार विडी ओढायला बसतात ती जागाही विसरू नका.

५. लाल आणि निळं जवळ आलंय तिथे गोल करा. वाफ जमिनीवरून सरकते, ठिणगी उडते, हे धरून ‘जवळ’ ठरवा.

६. मग विचारा: रोजच्यापेक्षा वेगळं कधी घडतं? मशीन दुरुस्तीच्या दिवशी, रात्रपाळीत, बाहेरचा वेल्डर आला तेव्हा, दिवाळीच्या ऑर्डरसाठी जास्त माल साठवला तेव्हा. गाळप हंगाम संपल्यावर कारखान्यांत दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा कडक ऊन, कोरडा बगॅस आणि वेल्डिंग एकाच वेळी असतं.

७. प्रत्येक गोलासाठी ठरवा: पदार्थ हलवायचा, कमी करायचा, की ठिणगी हलवायची? दोन्ही शक्य नसेल तर काम करण्याआधी लेखी परवानगी कोण देणार? कारखान्यांत याला हॉट वर्क परमिट म्हणतात. छोट्या दुकानात वहीतली एक सही चालेल, पण सही करणाऱ्याने जागा डोळ्यांनी बघितलेली हवी.

शेवटी नकाशावर बाहेर पडायचे रस्ते बघा. मालाच्या खोक्यांनी अडलेलं किंवा चोरीच्या भीतीने कुलूप लावलेलं दार, हे दार नाही.

तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्रात कारखान्यांच्या सुरक्षेवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय लक्ष ठेवतं. पेट्रोलियम, गॅस सिलिंडर आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं मुख्यालय नागपूरला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे तिथली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. धोका दिसल्यास तो वरिष्ठांना कळवण्याची तरतूद कामगारांसाठीच्या कायद्यात आहे, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

तरीही आग लागलीच तर?

आधी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढा. मग १०१ किंवा ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. गॅसगळती असेल तर १९०६. आग बादलीएवढी असेल, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल, तरच ती विझवायचा प्रयत्न करा. तेल, पेट्रोल किंवा विजेच्या आगीवर पाणी मारू नका, त्यासाठी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर वापरा. फोनवर सांगताना “आग लागली” एवढंच न सांगता काय जळतंय तेही सांगा, कारण इथेनॉल, बगॅस आणि गॅस सिलिंडर या तिन्हींसाठी बंबाला वेगवेगळी तयारी लागते. लाल पेनाने काढलेला नकाशा दाराजवळ लावलेला असेल, तर हे सांगायला एक मिनिटही लागत नाही.